बापाची खूण

एक साधं गणित मांडतो. उंदराच्या फलित अंड्यात आईची २० गुणसूत्रं असतात, बापाची २०. बापाची काढून टाकून तिथे दुसऱ्या मादीची २० घातली, तर बेरीज ४०च. मग पिल्लू जन्मायला हरकत काय?

१९८४ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी आणि फिलाडेल्फियात मॅकग्रा आणि सोल्टर या जोडीने हे करून पाहिलं. फलनानंतर काही तास आईबापांची केंद्रकं वेगळी दिसतात, बापाचं जरा मोठं. काचेच्या बारीक नळीने ती काढता-घालता येतात. एकही पिल्लू जन्मलं नाही. दोन आयांचा गर्भ सुरुवातीला बरा दिसे, पण वार धड वाढत नसे. दोन बापांचा केला तर उलटं: वारेचं ऊतक भरपूर आणि गर्भ खुरटलेला. डीएनएची अक्षरं (ए, टी, सी, जी) तीच होती, म्हणजे फरक अक्षरांवरच्या खुणांत होता.

ही खूण म्हणजे मिथाइल गट, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. पृष्ठवंशी प्राण्यांत तो बहुतेक वेळा ‘सी’वर बसतो, तोही पुढे ‘जी’ असेल तेव्हा. गंमत अशी की डीएनएच्या दोन धाग्यांपैकी समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचलं तरी ‘सीजी’च येतं, आपल्या ‘कडक’ शब्दासारखं. त्यामुळे पेशी दुभंगताना जुन्या धाग्यावरची खूण पाहून डीएनएमटी१ नावाचं विकर ती नव्या धाग्यावर उतरवतं. १९९२ साली उंदरांत त्याचं जनुक बिघडवलं, तर गर्भ निम्म्या वाटेतच मेले.

आता खरा पेच. फलनानंतर उंदराचा गर्भ यातल्या बहुतेक खुणा पुसतो. बापाच्या काही तासांतच, आईच्या पेशीविभाजनांबरोबर विरळ होत. गर्भ गर्भाशयात रुजतो त्या सुमारास नव्या लिहिल्या जातात. या पुसापुशीत मोजक्या जागा मात्र राखल्या जातात. आयजीएफ२ या वाढीच्या जनुकाजवळ अशी एक आहे. शुक्राणूत तिच्यावर खूण असते, बीजांडात नसते, म्हणून गर्भात बापाची प्रत चालते आणि आईची गप्प बसते. दोन आया असल्या की दोन्ही प्रती गप्प.

झेब्राफिश या माशाचं तसं नाही. त्याचा गर्भ बापाच्या खुणा पुसतच नाही, उलट आईच्या खुणा बापासारख्या करून घेतो. हे २०१३ साली कळलं. त्याच्याही आधी, १९८१ साली ओरेगॉनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी केवळ आईच्या गुणसूत्रांवर झेब्राफिश वाढवून दाखवले होते. ‘पृष्ठवंशी प्राण्यांत मिथिलीकरण (म्हणजे या मिथाइल खुणा लागणं) असं चालतं’ असं सरसकट विधान ऐकलं की मी आधी विचारतो: कोणत्या प्राण्यात?

उंदराचा अडसर जपानमध्ये तोमोहिरो कोनो यांनी ओलांडला. नुकत्याच जन्मलेल्या मादीच्या बीजांडांत आईच्या खुणा अजून उमटलेल्या नसतात. कोनोंनी ती घेतली, मादीही अशी निवडली की तिच्यात आयजीएफ२ला गप्प ठेवणारा तुकडाच कापलेला होता, आणि त्यांची जोड प्रौढ मादीच्या बीजांडाशी घातली. ४५७ अंडी तयार केली, त्यांतून एकच उंदरी मोठी झाली. बांबूत सापडलेल्या लोककथेतल्या मुलीवरून तिचं नाव ठेवलं कागुया. २००४ साली ही बातमी आली तोवर तिला पिल्लंही झाली होती, चारचौघींसारखी, नराकडून.