नोकरी गेली, पण भाड्याची तारीख काही थांबत नाही

नमस्कार मंडळी. आज इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या घरभाड्याबद्दल बोलायचंय, कारण हल्ली ओळखीतले बरेच जण हेच विचारतात की अगं नोकरी गेली तर भाडं सरकार देतं ना?

देतं. पण बऱ्याचदा सगळं देत नाही, आणि लगेच तर नाहीच देत.

पूर्वी काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, हाउसिंग बेनिफिटचा (भाड्याच्या मदतीचा) वेगळा अर्ज असायचा, आता नोकरीच्या वयातल्या बहुतेकांना ते युनिव्हर्सल क्रेडिटमधेच, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना सरकार दर महिन्याला देतं त्या मदतीतच मिळतं. माझी नोकरी गेली ना, तेव्हा मी अकरा दिवस अर्जच केला नाही. वाटायचं आज-उद्या दुसरी लागेल, कशाला हात पसरायचा, आईलासुद्धा फोनवर सांगितलं नव्हतं. ते अकरा दिवस गेले ते गेलेच, कारण हिशोब नोकरी सुटल्यापासून नाही, अर्ज सबमिट केल्यापासून सुरू होतो. म्हणजे बघा, ३ मार्चला अर्ज केला तर महिना भरतो २ एप्रिलला आणि पैसे येतात ९ एप्रिलच्या आसपास, आणि तुमचं भाडं तर १ तारखेलाच जातं! मधे अ‍ॅडव्हान्स मिळतो पण ते कर्जच, पुढच्या हप्त्यांतून कापून घेतात, तेव्हा लागेल तेवढाच घ्या.

आता किती मिळतं. खाजगी लँडलॉर्डकडे राहणाऱ्यांना लोकल हाउसिंग अलाउन्सची, म्हणजे भाड्यासाठी जास्तीत जास्त किती मिळेल याची मर्यादा असते, एरिया आणि तुमच्या कुटुंबाला किती बेडरूम लागतात त्यावर ठरते. २०११ पासून ती त्या भागातल्या स्वस्तातल्या ३० टक्के घरांच्या भाड्यावरून ठरवायची पद्धत आहे, पण मधे वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात आणि भाडी काही गोठत नाहीत. समजा भाडं १,४०० पौंड आणि मर्यादा १,१५०, तर वरचे २५० तुमच्या खाण्यापिण्याच्या पैशांतून जाणार. आणि एकटे असाल, वय ३५ च्या आत, तर सहसा शेअरिंगमधल्या एका खोलीचाच दर धरतात, मग अख्खा फ्लॅट तुमच्या नावावर असला तरी. हे मला फार अन्यायाचं वाटतं. कमी पडणाऱ्या भाड्यासाठी काउन्सिलकडे वेगळी मदत मागता येते, हक्क म्हणून नाही मिळत, पण मागा.

पैसे तुमच्याच खात्यात येतात, सगळे एकत्र. पैसे आले त्याच दिवशी मी भाड्याचे उचलून दुसऱ्या खात्यात टाकायचे, नाहीतर ते वाणसामानात कधी विरघळतात कळत नाही. दोन महिन्यांचं भाडं थकलं तर लँडलॉर्ड ते पैसे सरकारकडून थेट स्वतःकडे मागू शकतो.

आपल्यात बरेच जण ओळखीत तोंडी बोलीवर राहतात. भाडेकरार, भाडं दिल्याचे बँकेतले पुरावे आत्ताच जमवून ठेवा. सख्ख्या भावाच्या घरात त्याच्यासोबत राहून त्याला भाडं देत असाल तर ते धरत नाहीत. बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही.

आणि व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे असे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत अशी अट असेल, वर्क व्हिसावाल्यांच्या असतंच, तर कोणी कितीही सांगितलं तरी अर्ज करू नका, आधी इमिग्रेशनचा सल्ला घ्या. बाकीच्यांना अर्ज भरायला सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेतले लोक फुकट मदत करतात. नोकरी गेल्याचं पत्र हातात पडेल त्याच दिवशी त्यांना फोन लावा.