बिबट्या दिसला नाही? मग पिंजरा बरा बांधलाय!

नमस्कार मंडळी. प्राणिसंग्रहालयांवरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच रड आहे. "दादा, पोरांना घेऊन उन्हात अडीच तास फिरलो, बिबट्या दिसलाच नाही. तिकिटाचे पैसे पाण्यात." एकाने तर लिहिलंय, "त्यापेक्षा जुने पिंजरे बरे होते, प्राणी समोर तरी असायचे." त्या 'समोर'वरच आज बोलायचंय.

इतिहास पटकन उरकतो, शाळेतला आहे. 1752, व्हिएन्नातलं शोनब्रुन प्राणिसंग्रहालय, बादशहाची हौस, आजही चालू आहे. 1828, लंडन. 1876, कोलकात्याचं अलिपूर. आपली भायखळ्याची राणीची बाग 1862 ची, पण ती आधी नावाप्रमाणे बाग, प्राणी मागाहून आले. सगळीकडे नमुना तोच: गज, फरशी, कोपऱ्यात पाण्याचं टाकं. फरशी का, तर धुवायला सोपी.

मग 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक नावाच्या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने गजच काढून टाकले. पुढे तळं, मागे हरणं, त्यामागे सिंह, आणि मधले खंदक असे बेतलेले की बघणाऱ्याला दिसूच नयेत. कुठला प्राणी किती लांब उडी मारतो हे आधी तपासून खंदकाची रुंदी ठरवली. लोक थक्क. डोकं जबरदस्त, पण फार आरत्या ओवाळू नका. हाच माणूस दूरदेशीच्या माणसांचीही अशीच प्रदर्शनं भरवायचा. दिल्लीचं प्राणिसंग्रहालय 1959 साली उघडलं, त्याच्या आखणीतही याच घराण्यातल्या माणसाचा हात होता.

आता इथे थांबा. "गज गेले, खंदक आले, प्राणी मोकळे झाले" असं सगळे सांगतात. साफ चूक! गज काढले ते तुमच्या-माझ्या डोळ्यांसाठी. सिंह तरीही कोंडलेलाच होता, उलट आता लोकांसमोर उघडा. लपायला जागा कुठे होती?

हे कुणी नीट मांडलं? हायनी हेडिगर, स्वित्झर्लंडचा. बर्न, बाझेल, झुरिक, तिन्ही ठिकाणची प्राणिसंग्रहालयं त्याने सांभाळली. तो म्हणाला, प्रत्येक प्राण्याचं एक अंतर ठरलेलं असतं. परका त्याच्या आत आला की प्राणी पळतो. पिंजऱ्यात तो पळणार कुठे? म्हणून जागा किती चौरस फूट आहे हे नुसतं मोजून भागत नाही, तिच्यात आडोसा आहे का ते बघायचं.

नाही पटलं? घरचं उदाहरण घ्या. दिवाळीत पाहुण्यांनी घर भरलं की तुम्ही काय करता? आतल्या खोलीत जाऊन दार लोटून पाच मिनिटं पडता. बिबट्या ज्यामागे लपतो ते झुडूप म्हणजे त्याची आतली खोली. दार उघडून "अहो, बाहेर या, आम्ही तिकीट काढलंय" म्हणाल का?

तरीही नाही? मग माझी लहानपणची गोष्ट ऐका, गावाचं नाव घेत नाही. पिंजऱ्यात वाघ होता, या टोकाहून त्या टोकाला येरझाऱ्या. सात पावलं, वळण, सात पावलं. मी मोजली होती. वळायच्या जागी फरशी गुळगुळीत झालेली. वडील म्हणाले, "बघ कसा रुबाबात चालतोय." मलाही तेच वाटलं. तो रुबाब नव्हता, हे कळायला मला वीस वर्षं लागली. तेच ते चालत राहणं म्हणजे कोंडलेल्या जनावराचं काहीतरी बिनसलंय. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तर मंडळी, तो वाघ 'दिसत' होता. पूर्ण वेळ.

आपल्याकडे कायद्याने खरा फरक पडला 1991-92 मध्ये. वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, मान्यता नसेल तर प्राणिसंग्रहालय चालवायचं नाही. 2009 मध्ये प्राधिकरणाने हत्ती प्राणिसंग्रहालयात ठेवायचे नाहीत असं ठरवलं. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या पेशवे पार्कातले प्राणी कात्रजला गेले, तळ्याकाठच्या मोठ्या जागेत. पुणेकर अजून हळहळतात, पण त्यातली निम्मी हळहळ फुलराणीची, म्हणजे पार्कातल्या छोट्या आगगाडीची आहे, कबूल करा.

आणि काचेवर टकटक करणाऱ्यांनो! काच तुम्हाला जवळून दिसावं म्हणून आहे, दाराची कडी नव्हे. याच कायद्याच्या कलम 38 जे नुसार प्राण्याला छेडणं, आवाज करून त्रास देणं, वेफर्स खायला घालणं, सगळं गुन्ह्यात येतं. "एक वेफर टाकला तर काय झालं?" असं विचारणारे दादा, तुमच्यासारखे त्या दिवशी आणखी शेकडो असतात.

दोन कमेंटना झटपट उत्तर. "राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, मग बर्फ का नाही?" कारण ते हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बर्फात राहणारे वेगळे. गारवा लागतो, बर्फ नाही. दुसरी, "पांढऱ्या वाघाची जात वाचवा." अहो, ती जातच नाही! आपल्याच वाघाचा वेगळा रंग. 1951 मध्ये रीवाच्या जंगलात धरलेल्या मोहन नावाच्या एका बछड्यापासून नात्यातल्या नात्यात वाढवलेली ही बहुतेक मंडळी, म्हणून तर त्यांच्यात जन्मजात दोष दिसतात. यावर वेगळा व्हिडिओ करतो.

मागच्या महिन्यात मीही बिबट्यासमोर चाळीस मिनिटं उभा होतो. कॅमेरा चालू. शेजारच्या काकू कंटाळून निघून गेल्या. शेवटी बांबूच्या मागे एक कान हलला. माशी असावी. पुन्हा शांत. ती क्लिप आता लावतोय, अकरा सेकंदांची आहे, डाव्या कोपऱ्यात बघा.