सीएनसीच्या संगणकाला वेग नव्हे, वक्तशीरपणा हवा

मित्रहो, घरच्या लहान मिलिंग मशीनला किंवा लाकडाच्या राउटरला सीएनसी (यंत्र संगणकाने चालवण्याची सोय) बसवायला निघालेले बहुतेक जण आधी प्रोसेसर आणि रॅमची चौकशी करतात. माझ्या मते त्याआधी एकच गोष्ट ठरवावी: ठरावीक छोट्या टप्प्यांनी फिरणाऱ्या स्टेपर मोटरला लागणारे पल्स, म्हणजे तिला एकेक टप्पा पुढे नेणारे विजेचे ठोके, कोण काढणार, संगणक स्वतः की त्याला जोडलेले कार्ड? ते ठरले की बाकीच्या खरेदीत फारसे डोके खपवावे लागत नाही.

हिशेबच करून पाहू. टेबल सरकवणारा बॉल स्क्रू ५ मिलिमीटर लीडचा (एका फेरीत ५ मिलिमीटर सरकवणारा), मोटर फेरीला २०० स्टेपची आणि तिला वीज देणारा ड्रायव्हर १० मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे दहा भाग करणारा) असेल, तर दर मिलिमीटरला ४०० पल्स लागतात. टेबल मिनिटाला १५०० मिलिमीटर सरकवायचे, तर सेकंदाला १०,००० पल्स झाले, म्हणजे दोन पल्समधले अंतर १०० मायक्रोसेकंद. संगणक मध्येच दुसऱ्या कामात अडकून एक पल्स ३० मायक्रोसेकंद उशिरा सुटला, तर ते अंतर १३० होते आणि पुढचे ७० उरते. एवढ्या हिसक्याने, विशेषतः टॉर्क (फिरवण्याचा जोर) आधीच उतरलेल्या वरच्या वेगात, मोटर स्टेप चुकवू शकते. आणि साध्या स्टेपरला एन्कोडर (जागा मोजणारा सेन्सर) नसल्यामुळे सॉफ्टवेअरला त्याचा पत्ता न लागता उरलेला सगळा जॉब सरकलेल्या जागी कापला जातो.

म्हणून इथे सरासरी वेगाला काही किंमत नाही, सर्वात वाईट क्षणी किती उशीर होतो एवढेच पाहायचे. महागडा लॅपटॉप या परीक्षेत हमखास मागे पडतो, कारण वीज वाचवण्यासाठी त्याचे फर्मवेअर (बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर) लिनक्सला, म्हणजे त्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला, न विचारता प्रोसेसर मध्येच ताब्यात घेते. त्यापेक्षा कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप पुष्कळदा सरस ठरतो. लॅमिंग्टन रोडवर असा डेस्कटॉप घ्यायला गेलात, तर लिनक्ससीएनसीची (लिनक्सवर मशीन चालवणारे मोफत सॉफ्टवेअर) लाइव्ह प्रतिमा, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारी प्रत, पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि दुकानातच तिच्यातली लेटन्सी टेस्ट, म्हणजे उशीर मोजणारी चाचणी, चालवा. ती चालू असताना खिडक्या ओढा, मोठ्या फायली कॉपी करा, ग्राफिक्सचा एखादा प्रोग्रॅम सुरू ठेवा, आणि कमाल जिटरचा, म्हणजे ठरल्या वेळेपासूनच्या सर्वात मोठ्या चुकीचा, आकडा पाहा. तो २०,००० नॅनोसेकंदांच्या (२० मायक्रोसेकंदांच्या) आत राहिला, तर पॅरलल पोर्टमधून (जुन्या प्रिंटरची केबल लागते त्या जोडणीतून) थेट पल्स काढता येतील; एक लाखाच्या वर गेला, तर तो संगणक या कामाचा नाही. मधल्या आकड्यांवर मशीन चालते, पण कमाल वेगाला मुरड घालावी लागते. आकडा नकार देण्याजोगा वाटला, तरी बायॉसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि वीजबचतीचे पर्याय बंद करून एकदा पुन्हा पाहावे. यूएसबीला लावायचे पॅरलल पोर्टचे अडॅप्टर मात्र घेऊच नका, ते प्रिंटरसाठी असतात.

दुसरा मार्ग मेसा कंपनीच्या कार्डांसारख्या एफपीजीए कार्डाचा, म्हणजे हव्या त्या कामासाठी जुळवता येणारी चिप असलेल्या कार्डाचा. त्यात संगणक दर मिलिसेकंदाला फक्त वेगाची आज्ञा देतो आणि पल्स कार्ड काढते, त्यामुळे जिटरची अट बरीच सैल होते. इथरनेटवरच्या कार्डांना प्रीएम्प्ट-आरटी कर्नल (कामे वेळेवर करण्यासाठी बदललेला लिनक्सचा गाभा) लागतो, आणि तो डेबियन या लिनक्सच्या प्रकारात तयार मिळतो. वेळ पाळण्याची, म्हणजे रिअल-टाइमची, ही सोय २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच आली आहे. पैसे मोजायचेच असतील, तर ते नव्या प्रोसेसरपेक्षा अशा कार्डावर मोजावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

साध्या तीन अक्षांच्या राउटरला आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारे जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर पुरते, हेही मान्य करायला हवे. लेथवर आटे पाडायचे असतील, म्हणजे स्पिंडलच्या फेऱ्यांशी अक्षाची चाल जुळवायची असेल, तर मात्र लिनक्ससीएनसीला पर्याय शोधत बसू नये.

फ्रीकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढणे आणि टूलपाथ (हत्याराचा मार्ग) तयार करणे हे काम वेगळ्या संगणकावर करावे आणि मशीनच्या संगणकावर फक्त जी-कोडची (मशीनला हालचाली सांगणाऱ्या आज्ञांची) फाइल न्यावी. आणीबाणीचे लाल बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता ड्रायव्हर व स्पिंडलचा पुरवठा तोडणाऱ्या काँटॅक्टरला (विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचला) थेट तारेने जोडावे, आणि त्या काँटॅक्टरचा एक मोकळा संपर्क इनपुटला द्यावा, म्हणजे वीज तुटल्याचे लिनक्ससीएनसीलाही कळते आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो.