पांझरेत उतरलेली गोळी

[देवपूरचा पूल. खाली नाला नदीला मिळतो.]

ही पांझरा. अक्कलपाडा धरणाचं आवर्तन नसलं, की धुळ्यात नदी म्हणून जे वाहतं त्यात नाल्यांचाच वाटा मोठा. हा फेस साबणाचा. तो निदान दिसतो.

[आजींच्या तळहातावर गोळी.]

शुगरची गोळी, मेटफॉर्मिन. शरीर ती मोडत नाही, लघवीतून जशीच्या तशी बाहेर टाकतं. मोरी, गटार, नाला, नदी. मध्ये कारखाना लागतच नाही. 2022 साली 104 देशांतल्या 258 नद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी मेटफॉर्मिन निघालं.

[सांडपाणी केंद्रातला खळखळता हौद.]

इथं हवा सोडून जिवाणू पोसतात, घाण तेच खातात. पॅरासिटामॉल ते जवळपास फस्त करतात. मेटफॉर्मिनचं बरंचसं ग्वानिलयुरिया नावाचं दुसरं रसायन करतात आणि बहुधा तिथंच थांबतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक गाळाला चिकटतं. गाळ खत म्हणून शेतात गेला, की तेही गेलं. फिटवरची कार्बामाझेपिन मात्र हौदात शिरते तशीच बाहेर पडते. केंद्राला बोल लावण्यात अर्थ नाही. ते बांधलं मैल्यासाठी.

[उघडं पात्र, दुपार.]

दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक उन्हानं मोडतं, आणि खान्देशात उन्हाला काय तोटा! पण या काळ्या पाण्यात ऊन खोलवर उतरत नाही. माशांच्या कल्ल्यांना, मूत्रपिंडांना या डायक्लोफिनॅकची इजा होते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणूही अशाच पाण्यात बळावतात.

[काठचं शेत. मुठीत माती.]

आता ही काळी माती बघा. सुकली की मनगट जाईल एवढी भेग, भिजली की चप्पल उचलत नाही. हिच्या कणांवर ऋणभार असतो. सिप्रोफ्लॉक्सासिनचं धनभाराचं टोक तिच्या पापुद्र्यांत शिरतं आणि अडकून बसतं. एवढं काम ही माती फुकट करते, कुणी नोंद घेत नाही. कार्बामाझेपिनवर भार नाही, म्हणून ती मातीत फारशी थांबत नाही. पाण्याबरोबर खाली, पाषाणाच्या फटींतून विहिरीकडे. आणि भेगांतून सरळ उतरलेलं पाणी गाळायला मातीला तरी सवड कुठली?

[विहीर. तपकिरी काचेची बाटली भरताना.]

बाटली तपकिरी, कारण उजेडानं नमुन्यातलं औषध मोडू शकतं. विहिरीत नायट्रेट निघालं तर ते युरियाचं असेल, गोठ्याचंही असेल. कार्बामाझेपिन निघाली, तर माणसांचं सांडपाणी इथवर पोचलं असंच धरावं लागतं. मोजायची ती नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात. नेहमीच्या पाणी तपासणीच्या कागदावर तिच्यासाठी रकानाच नसतो.