येऊ की पुढल्या वेळी

नमस्कार मंडळी. संभाजीनगरहून आपण वेरूळला जातो, श्रावणात घृष्णेश्वराला जातो, तेव्हा दौलताबादला तो दिल्ली दरवाजा लागतो. रस्ताच त्या दरवाजातून गेलाय, गाडी एका वेळी एकच निघते, समोरून ट्रक आला की थांबा. आणि थांबलं की मान वर होते, समोर तो अख्खा डोंगर, तो चांद मिनार, आणि गाडीतलं कुणीतरी म्हणतं, अरे एकदा चढायला पाहिजे हा किल्ला. मग ट्रक निघून जातो, आपणही निघतो. आमच्या घरात हे वाक्य म्हणायचे आमचे अण्णा. "येऊ की गं पुढल्या वेळी." मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. येताना पेरू घ्यायचे, सीताफळं घ्यायची, पण किल्ला पुढल्या वेळी.

घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे हो. लांबून पाहुणे येतात, दोन तास बघून जातात, आणि आपण इथलेच, आपल्याला वाटतं तो कुठं पळून चाललाय. किल्ला नाही पळत. गुडघे पळतात. अण्णांनी बहात्तरावं लावलं तेव्हा मला हे कळलं आणि मी सरळ सांगितलं, अण्णा, रविवारी सकाळी सहाला तयार राहा, आणि सकाळी लवकर हे मी तुम्हालाही सांगतेय, ऊन चढायच्या आत चढायचं, परत सांगते, ऊन चढायच्या आत.

आता थोडं किल्ल्याबद्दल. ही यादवांची देवगिरी, राजधानी. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी आला, रामदेवरायाचा पाडाव झाला. गोष्ट अशी सांगतात की किल्ल्यावर धान्य म्हणून जी पोती भरून ठेवली होती ती मिठाची निघाली. १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं आणली आणि दौलताबाद नाव दिलं. पुढं बहमनी, निजामशाही, १६३३ ला मोगल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान ताना शाह, त्याला औरंगजेबानं इथंच चिनी महालात ठेवलं होतं. एवढं सगळं एका डोंगरावर! म्हणून मला ह्या शाळेच्या सहली पटतच नाहीत, एका दिवसात वेरूळ, खुलताबाद, किल्ला, मकबरा, पाणचक्की, सगळं कोंबायचं, पोरांना शेवटी आठवतं काय तर बसमध्ये कोण ओकलं. एका दिवसाला एकच जागा दाखवा, पण नीट दाखवा.

तर अण्णा. अण्णांची सगळी नोकरी हिशेबाच्या खात्यात गेली, चौतीस वर्षं. त्यांना मोजायची सवय आहे. जिना चढले की पायऱ्या मोजणार, देवळात गेले की खांब मोजणार. किल्ल्याच्या पहिल्या पायरीपासून त्यांनी सुरू केलं, ओठ हलतायत, आवाज नाही. मी काही विचारलं की हात वर करायचे, थांब म्हणून, आकडा विसरायला नको. हत्ती हौद झाला, चांद मिनार झाला, मेंढ्याच्या तोंडाची ती मोठी तोफ झाली, तिच्यावरून त्यांनी हात फिरवला पण आकडा सोडला नाही. मग खंदक. डोंगराचा कडा तासून सरळ भिंतीसारखा केलाय आणि त्याच्या पायाशी हा खंदक, सगळा खडकात खोदलेला, आत जायला तेवढा एकच पूल. पुलावर अण्णा थांबले आणि खाली बघत राहिले. म्हणाले, हे छिन्नीनं केलंय गं. हातानं.

पुलापलीकडं अंधेरी. अंधेरी म्हणजे डोंगराच्या पोटातनं वर जाणारा भुयारी रस्ता, वळणं घेत घेत, आत वटवाघळांचा तो वास आणि चिकचिक आवाज. शत्रू आत शिरला की त्याला दिशाच कळू नये अशी रचना, मध्ये एकीकडं उजेड दिसतो, तिकडं धावला की खाली खंदकात, आणि वरच्या तोंडाला लोखंडी झाकण टाकून निखारे पेटवायचे, सगळा धूर आत. आमच्यासोबत एक गाईड होता, तो म्हणाला, सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च बंद करा, एक मिनिट. केले. मंडळी, असा काळोख मी कधी बघितला नव्हता, डोळे उघडे की मिटलेले तेच कळेना. आणि त्या काळोखात अण्णांनी माझं मनगट धरलं, घट्ट, लहानपणी बाजारात मी त्यांचं धरायचे तसं. दोघंही बोललो नाही. अंदाजानं चार-दोन पायऱ्या चढलो, मग कुणीतरी टॉर्च लावला.

टॉर्च घ्या बरं का सोबत, मोबाईलवर विसंबू नका. टॉर्च आणि पाणी. आणि वानरांसमोर पिशवी उघडू नका.

वर बारादरीच्या पुढं, माथ्याजवळ, जनार्दन स्वामींची गुंफा आहे, पादुका आहेत. जनार्दन स्वामी ह्याच गडाचे किल्लेदार, आणि नाथमहाराज पैठणहून लहान वयात त्यांच्याकडं आले ते इथंच. ती एका पैची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहितीये, हिशेबात एक पै लागेना म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. अण्णा तिथं चपला काढून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, मार्च एंडला एकदा मला चार रुपये लागत नव्हते, रात्री अकरापर्यंत बसलो होतो, तुझी आई जेवायची थांबली होती. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. (आता सगळं कॉम्प्युटर करतो, ठीक आहे, पण पोरांना पावकी, निमकी, दीडकी शिकवायची सोडली ते फार वाईट झालं असं माझं ठाम मत आहे.)

उतरताना अण्णांनी परत मोजलं. खाली आलो, चहा सांगितला, तर अण्णा गप्प. आकडा जुळत नव्हता. चढताना आणि उतरताना, चार पायऱ्यांचा फरक! चहा गार होत चाललाय आणि ते बोटांवर एकेक टप्पा आठवतायत, हौदापर्यंत इतक्या, पुलापर्यंत इतक्या. आणि मग त्यांनी बशीवर बोट आपटलं, म्हणाले, अंधेरी! टॉर्च बंद केला ना त्यानं, तेव्हा मी तुझा हात धरला, तेव्हा मोजलंच नाही.

मी म्हटलं, असेल, पुढल्या वेळी बघू.

तर म्हणाले, पुढल्या वेळी नाही, रविवारी.

आणि आम्ही गेलो मंडळी, त्याच्या पुढच्याच रविवारी, सहाला निघून. टॉर्च माझ्या हातात, छोटी वही अण्णांच्या शर्टाच्या खिशात. अंधेरीत त्या वळणावर मी उजेड खाली पायऱ्यांवर धरला, ते एकेका पायरीवर थांबले, मोठ्यानं मोजलं, आणि खिशातून पेन काढून चार आकडा लिहून त्याच्याखाली रेघ मारली.