टिटवी अंड्यांवर परतते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळ्यात नदीच्या पात्रात उतरलेल्या माणसाला टिटवीची ओळख करून द्यावी लागत नाही. आपण तिला पाहण्याआधी तिने आपल्याला पाहिलेले असते, आणि डोक्यावर घिरट्या घालत ती साऱ्या पात्राला आपल्या येण्याची वर्दी देत असते. डोळ्यापुढे लाल गाठ असलेल्या या ताम्रमुखी टिटवीच्या एका जोडीविषयी मी आज बोलणार आहे. पंढरपूरच्या वरच्या अंगाला, भीमेच्या आटलेल्या पात्रात, एका वैशाखात मी या जोडीचे घरटे पाहिले आणि त्याची छायाचित्रे घेतली.

घरटे म्हणजे गारगोट्यांमधला एक उथळ खळगा. त्यात चार अंडी, निमुळती टोके आत वळवून मांडलेली, मातकट रंगाची आणि काळपट डागांची, इतकी की दोन पावलांवरूनही ती गोटेच वाटावीत. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात आणि २८ ते ३० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. उबवणे म्हणजे ऊब देणे, असे आपण समजतो. वैशाखातल्या दुपारी मात्र टिटवीला अंड्यांवर सावली धरावी लागते. हे नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढची सगळी हकीकत या सावलीची आहे.

पहिल्या दिवशी मी घरट्यापासून चाळीस पावलांवर, एका खडकाच्या आडोशाला, ४०० मिलिमीटरची लेन्स लावून बसलो होतो. माझ्या मते ते अंतर पुरेसे होते. टिटवी ओरडत होती, थोडी पुढे येत होती, थांबत होती, पुन्हा मागे जात होती; आणि तिच्या त्या येरझारांची छायाचित्रे मी मोठ्या उत्साहाने घेत होतो. अर्धा तास असाच गेला. तेवढ्यात मेंढरांचा एक कळप पाण्याकडे निघाला. टिटवी ओरडायची थांबली, धावत घरट्यापाशी गेली, आणि पंख पसरून कळपाच्या वाटेत उभी राहिली. वीतभर उंचीचा तो पक्षी, समोर शेकडो खूर. कळप तिच्यापाशी येऊन दुभंगला, दोन्ही बाजूंनी गेला, आणि अंड्यांना धक्काही लागला नाही. मात्र कळप जाताच ती पुन्हा माझ्याकडे पाहत दूर झाली.

मागून एक वृद्ध मेंढपाळ घोंगडी खांद्यावर टाकून येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले आणि ते म्हणाले, "सायेब, मेंढरास्नी भ्याली न्हाई ती. तुमास्नी भितीया. अंडी उन्हात करपत्यात. हितनं उठा, मग बघा."

मी उठलो. काठावरच्या बाभळीखाली, दीडशे पावलांवर, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आबांनी मला बोलू दिले नाही, हलू दिले नाही. चार मिनिटे झाली असतील. टिटवी आधी घरट्याकडे न जाता उरल्यासुरल्या डोहाकडे गेली, पाण्यात उतरली, छाती आणि पोट पाण्यात दाबून दोन-तीनदा वर-खाली झाली, आणि ओल्या पिसांनी, थांबत थांबत, चालत परतली. अंड्यांवर उभी राहून तिने पिसे फुलवली आणि पाणी निथळू दिले. मग ती हलकेच खाली बसली. आबा म्हणाले, "आता निवली बघा."

ते छायाचित्र माझ्याकडे आहे. त्यात पक्षी नखाएवढा दिसतो, पण तो अंड्यांवर बसलेला आहे. खडकाआडून काढलेली सगळी छायाचित्रे मी पुसून टाकली.

म्हणून, श्रोतेहो, घरट्यापासून किती दूर बसावे, हे पावलांनी ठरत नाही. ते पक्षी ठरवतो. तो काही मिनिटांत अंड्यांवर परतला, तर आपली जागा योग्य. परतला नाही, तर आपण उठावे. पुन्हा सांगतो: परतला नाही, तर आपण उठावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे हे शिकारीतच मोजले आहे. आणि घरट्याचा ठावठिकाणा छायाचित्रासोबत कोणालाही कळवू नये. एकाने राखलेले अंतर पुढचे दहा जण राखतीलच, असे मला वाटत नाही.

टिटवी रात्री ओरडली की घरात अशुभ घडते, असे म्हणणारी माणसे अजून भेटतात, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. तिच्या अंड्यांजवळून कोणीतरी चालले आहे, एवढाच त्या ओरडण्याचा अर्थ असतो. तिच्यावरचे खरे संकट वाळूच्या उपशाचे आहे. रात्रीत पात्र खरवडले जाते, आणि तिथे घरटे होते हे कोणाला कळतही नाही.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्या बाभळीखाली गेलो. खळगा रिकामा होता. डोहाच्या कडेला टिटवी एकदाच, तुटक ओरडली, आणि ओल्या वाळूवर चालणारे तीन ठिपके जागच्या जागी चपटे होऊन गोट्यांत मिसळून गेले. चौथ्या पिल्लाला मी दुर्बिणीतून संध्याकाळपर्यंत शोधत होतो. आबांची मेंढरे पाणी पिऊन परतली, ऊन उतरले, आणि मग ते आईच्या पोटाखालूनच बाहेर आले.