कंट्रोल-एफ१ जातं कुठे?

(पडद्यावर: निळी खिडकी, वर मेनूची पट्टी, कर्सर ‘प्रिंटएफ’ या, पडद्यावर मजकूर छापणाऱ्या फंक्शनच्या नावावर लुकलुकतोय.)

निवेदन:

महाराष्ट्रातल्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ज्यांनी प्रॅक्टिकलं केली, त्यातल्या पुष्कळांना हा निळा पडदा लगेच ओळखू येईल. सी आणि सी प्लस प्लस या भाषांत प्रोग्राम लिहायचं नि चालवायचं सॉफ्टवेअर: बोरलँड कंपनीचं टर्बो सी प्लस प्लस, बोलीत टर्बो सी, आवृत्ती ३.०, साल १९९१. सी प्लस प्लस भाषेचं आंतरराष्ट्रीय मानक आलं १९९८ मध्ये. हे सॉफ्टवेअर त्याच्याही आधीचं. तरी आपल्याकडे ते पुढे कितीतरी वर्षं अभ्यासक्रमात राहिलं. त्याबद्दल नाकं मुरडली गेली, आणि त्यातली बरीचशी योग्यच होती.

पण त्याची हेल्प मात्र झकास होती. इंटरनेट नको, पुस्तक नको. शब्दावर कर्सर ठेवा, कंट्रोल-एफ१ दाबा, की त्या फंक्शनची सगळी कुंडली समोर: कुठली हेडर फाइल लागते, काय द्यायचं, काय परत मिळतं. खाली एक छोटा, पण पूर्ण आणि चालणारा प्रोग्राम. एडिट मेनूत ‘कॉपी एक्झाम्पल’ नावाचा पर्यायही होता. उदाहरण उचला आणि थेट आपल्या फाइलमध्ये टाका. आजच्या कित्येक महागड्या साधनांना हे इतकं नीट जमत नाही.

मग लॅबमध्ये ते कुणी वापरताना का दिसायचं नाही?

पहिलं कारण साधं आहे. नुसतं एफ१ दाबलं तर मदत येते ती समोरच्या खिडकीची. एडिटरमध्ये असाल तर एडिटर कसा वापरायचा, ते पान उघडतं. विद्यार्थी म्हणतो, ‘मला प्रिंटएफचं हवंय, हे काय भलतंच?’ आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. शब्दाची मदत हवी तर कंट्रोल लागतंच.

(पडद्यावर: कंट्रोल आणि एफ१ एकत्र दाबले जातात. निळ्या पडद्याऐवजी काळ्या पार्श्वभूमीवर कीबोर्डचं चित्र उघडतं.)

दुसरं कारण जास्त मजेशीर. ६४ बिटचं विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही. त्यामुळे नव्या मशिनींवर टर्बो सी चालवायचं तर डॉसबॉक्स आलं: जुन्या डॉस मशीनची हुबेहूब नक्कल करणारा मोफत प्रोग्राम. त्याचे स्वतःचे शॉर्टकट आहेत. कीबोर्डवर काही दाबलं की ते आधी विंडोजकडे जातं, मग डॉसबॉक्सकडे, आणि सगळ्यात शेवटी टर्बो सीकडे. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ१ म्हणजे की-मॅपर, म्हणजे कुठल्या कीने काय व्हावं ते ठरवायचा पडदा, उघडणं. तो मधल्या मध्ये ती की गिळतो. टर्बो सीला कुणी मदत मागितल्याचा पत्ताच लागत नाही.

हे एकाच कीपुरतं असतं तर चाललं असतं. कंट्रोल-एफ८ ने टर्बो सीमध्ये ब्रेकपॉइंट लागतो, म्हणजे प्रोग्राम त्या ओळीवर थांबतो. डॉसबॉक्समध्ये फ्रेमस्किप, म्हणजे पडद्यावर न दाखवता गाळलेल्या चित्रांची संख्या, वाढतं. म्हणजे ब्रेकपॉइंट तर लागत नाहीच, वर पडदा अडखळायला लागतो. खिडकीच्या शीर्षकपट्टीवर फ्रेमस्किपचा आकडा दिसतो. तो वाढलेला असेल, तर की कुणी खाल्ली ते तिथेच कळतं. आणि कंट्रोल-एफ९? टर्बो सीमध्ये त्याने प्रोग्राम रन होतो. डॉसबॉक्समध्ये त्याने डॉसबॉक्सच बंद पडतं, काहीही न विचारता. एफ२ दाबून सेव्ह केलं नसेल, तर तासाभराचं टायपिंग गेलं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, समोर बसलेले असताना हे झालं, तर त्या पोराचं काय होत असेल ते सांगायला नको.

तर दोष शोधायचा कसा? आधी कीबोर्ड बाजूला ठेवा. कर्सर शब्दावर ठेवा आणि हेल्प मेनूतून ‘टॉपिक सर्च’ निवडा. मदत उघडली, तर हेल्प धडधाकट आहे आणि भांडण फक्त कीचं आहे. नाहीच उघडली, तर टर्बो सीचा बिन फोल्डर तपासा. टीसी डॉट ईएक्सईच्या शेजारी टीसीहेल्प डॉट टीसीएच ही फाइल हवी. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर फिरलेल्या कॉपीत नेमकी तीच गाळलेली असू शकते, कारण तिच्यावाचून कंपाइल व्हायला काहीच अडत नाही. आणि शब्द तुम्हीच ठेवलेल्या व्हेरिएबलचं नाव असेल, तर त्याचं पान कुठून असणार? हेल्पला भाषा ठाऊक आहे, तुमचा प्रोग्राम नाही.

लॅपटॉपवर आणखी एक पायरी असते. पुष्कळ लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या कीजना आवाज नि ब्राइटनेसची कामं दिलेली असतात. तिथे एफएन की सोबत दाबल्याशिवाय एफ१ विंडोजपर्यंतसुद्धा पोचत नाही.

(पडद्यावर: नोटपॅडमध्ये उघडलेली मॅपर फाइल. एक ओळ ठळक.)

आता दुरुस्ती. चुकून उघडणारा तो की-मॅपरच कामाला येतो. खालच्या भागात ‘मॅपर’ नावाचं बटण आहे, ते निवडा. त्याला आत्ता एफ१ आणि ‘मॉड१’ जोडलेलं दिसेल. मॉड१ म्हणजे कंट्रोल. ‘मॉड२’वरही खूण करा, म्हणजे यापुढे मॅपर उघडायला ऑल्टही लागेल आणि कंट्रोल-एफ१ मोकळं होईल. डॉसबॉक्स बंद करणाऱ्या ‘शटडाउन’ बटणालाही तीच खूण करा. खरं तर ते आधी करा. मग सेव्ह. हे सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलं जातं. तिथे एफ१ चा क्रमांक २८२ आणि एफ९ चा २९०, त्यामुळे नोटपॅडमध्येही बदल करता येतो.

मॅपरला हात लावायचा नसेल, तर माउस आहे. ऑप्शन्स, एन्व्हायर्नमेंट, माउस असं गेलं की उजव्या बटणाला ‘टॉपिक सर्च’चं काम देता येतं. मग शब्दावर राइट क्लिक केलं की झालं. माउस डॉसबॉक्समध्ये अडकला, तर कंट्रोल-एफ१० ने सुटतो.

लॅब सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मॅपर फाइल सहसा विंडोजच्या त्या त्या युजरच्या फोल्डरमध्ये जाते. एका लॉगिनवर केलेला बदल दुसऱ्यावर दिसला नाही, तर पुन्हा मॅपर उघडत बसू नका. तीच फाइल तिथे कॉपी करा. आणि रीस्टार्टला मशीन मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर लॅबमध्ये असेल, तर ते थांबवून मगच हे करा, नाहीतर उद्या सकाळी कंट्रोल-एफ९ पुन्हा डॉसबॉक्सच बंद करेल.